पाने मोजायची तर फटी मोजा

सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात असा एक दिवस येतो, की दुपारी साडेबाराच्या थोडे आधी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्याच पायाशी विरून जाते. त्या घटकेला कडुनिंबाखाली उभे राहून खाली पाहिले, तर सावलीत विखुरलेले उन्हाचे कवडसे दिसतात. कवडसा जिथे पडला आहे, तिथून सरळ वर सूर्यापर्यंत एकही पान किंवा काडी आडवी आलेली नाही, एवढी एक गोष्ट तो कवडसा खात्रीने सांगतो. झाडावर पाने किती आहेत, हे त्याला ठाऊक नसते. तरीही जंगलातल्या पानांचे मोजमाप करणारे शास्त्रज्ञ गेली कित्येक दशके मुख्यतः या कवडशांवरच, म्हणजे पानांनी न अडवलेल्या प्रकाशावरच, विसंबून आहेत. पानांना हात न लावता त्यांच्यामधल्या फटी मोजायच्या आणि फटींवरून पानांचा हिशेब मांडायचा, असा हा उलटा व्यवहार आहे. तो कसा जमतो आणि कुठे फसतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

आधी मोजायचे काय, ते ठरवू. पानांची संख्या फारशी कामाची नसते, कारण बाभळीची एक पर्णिका आणि सागाचे एक पान यांची बरोबरी होऊ शकत नाही. उपयोगी पडते ते क्षेत्रफळ. एखाद्या झाडाची सगळी पाने तोडून, सपाट करून, एकमेकांना खेटून पण एकमेकांवर न चढवता झाडाखालच्याच जमिनीवर पसरली, तर ती जमीन किती वेळा झाकली जाईल? एकदा झाकून पाने संपली, तर उत्तर १. तीन थर पुरे पडले आणि चौथा अर्धाच झाला, तर ३.५. या आकड्याला पर्णक्षेत्र निर्देशांक म्हणतात. पानाची एकच बाजू मोजायची आणि तिला जमिनीच्या क्षेत्रफळाने भागायचे, त्यामुळे त्याला एकक नसते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील डी. जे. वॉटसन यांनी ही कल्पना १९४७ साली पिकांसाठी मांडली आणि पुढे ती जंगलांनाही लागू झाली. पाइनच्या सुईसारख्या पानांना ‘एक बाजू’ म्हणजे नेमकी कोणती, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पानाच्या एकूण पृष्ठभागाचा निम्मा भाग धरावा, अशी व्याख्या १९९० च्या दशकात रूढ झाली.

हा आकडा अंदाजापेक्षा मोठा निघतो. पिकांच्या पाण्याची गरज काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ च्या आपल्या पद्धतीत जे आदर्श गवत कल्पिले आहे, ते अवघे १२ सेंटीमीटर उंचीचे आहे, आणि तरी त्याचा निर्देशांक २.८८ धरलेला आहे. पायाखालच्या हिरवळीतही जमीन जवळपास तीनदा झाकण्याइतकी पाने असतात. झाडाचे पाणी बाहेर पडते ते पानांतून, कर्ब आत येतो तो पानांतून, आणि पावसाच्या पहिल्या सरीतले बरेच पाणी अडकून राहते तेही पानांवरच. पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात डाळिंबाची बाग असो की माळावरची वनलागवड, ती जमिनीतले पाणी किती ओढेल याचा हिशेब पानांच्या क्षेत्रफळापाशी येऊन थांबतो. हवामानाच्या जागतिक निरीक्षणात ज्या राशी अत्यावश्यक मानल्या जातात, त्यांच्या यादीत पर्णक्षेत्र निर्देशांकाचा समावेश आहे तो याच कारणांमुळे.

सरळ मार्ग म्हणजे पाने खरोखर तोडून मोजणे. ज्वारीच्या शेतात ते जमते, कारण चार ताटे उपटली तरी कोणाचे काही बिघडत नाही. जंगलात त्यासाठी झाड पाडावे लागते आणि मोजलेले झाड पुढच्या वर्षी मोजायला उरत नाही. पानगळीच्या जंगलात आणखी एक उपाय असतो. झाडांखाली जाळ्या टांगून गळलेली पाने गोळा करायची, वाळवून त्यांचे वजन करायचे, आणि एक ग्रॅम पानांचे क्षेत्रफळ किती हे थोड्या पानांवरून ठरवून सगळ्यांना लावायचे. पळसासारखे झाड सगळी पाने टाकून काही काळ निष्पर्ण राहत असल्याने त्याच्यापुरता हा हिशेब बरा जुळतो. कडुनिंबाचे तसे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची जुनी पाने पिवळी पडून गळत असतानाच नवी तांबूस पालवी फुटू लागते, म्हणून तर गुढीपाडव्याला कोवळी पाने आणि मोहर हाताशी असतो. जाळीत पडलेली पाने आणि त्या दिवशी झाडावर असलेली पाने यांचा अशा वेळी सरळ मेळ बसत नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळी वावटळीत जाळीतली पाने जाळीतच राहतील, याचीही खात्री नाही.

म्हणून प्रकाशाकडे वळायचे. सोलापूरकरांना समजावताना मी नेहमी कापडाचे उदाहरण घेतो. विरळ विणीचा एक पंचा उन्हात आडवा धरा. समजा, त्यातून निम्मे ऊन आरपार जाते. त्याखाली तसाच दुसरा पंचा धरला, तर पहिल्यातून आलेल्या निम्म्याचे निम्मे, म्हणजे पाव ऊन खाली पोचेल. तिसऱ्याखाली एक अष्टमांश. प्रत्येक थर आपल्याला मिळालेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा अडवतो, ठरावीक रक्कम नाही. त्यामुळे प्रकाश कधी शून्य होत नाही, पण झपाट्याने आटत मात्र जातो, आणि सातव्या थराखाली एक टक्काही उरत नाही. हा नियम पारदर्शक पदार्थांसाठी पिएर बुगेर यांनी १७२९ मध्ये, लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये आणि द्रावणांसाठी बीअर यांनी १८५२ मध्ये मांडला. झाडोऱ्याला तो लावून दाखवला जपानच्या मासामी मोन्सी आणि तोशिरो साएकी या दोघांनी, १९५३ साली.

पानांच्या बाबतीत त्याचे रूप असे होते. एक चौरस मीटर जमीन आखून घ्या आणि तिच्यावर एकूण एक चौरस मीटर भरतील एवढी पाने डोळे मिटून उधळा. जमीन पूर्ण झाकली जाणार नाही, कारण काही पाने एकमेकांवर पडतील. मोठ्या संख्येने बारीक पाने अशी उधळली, तर सरासरीने ३७ टक्के जमीन उघडी राहते. दोन चौरस मीटरची पाने उधळली तर साडेतेरा टक्के, तीनची उधळली तर पाच टक्के, आणि पाचची उधळली तर एका टक्क्याहूनही कमी. उलट वाचायचे झाले, तर उघडी जमीन ३७ टक्के दिसली की पाने एक थर आहेत, पाच टक्के दिसली की तीन थर. गणिताच्या भाषेत फटींच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉग काढायचा आणि उणे चिन्ह काढून टाकायचे. साध्या शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर त्यासाठी ‘एलएन’ नावाचे बटण असते.

इथे एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे. उधळलेली पाने जमिनीवर आडवी पडतात, पण झाडावरची पाने तशी नसतात. काही जवळजवळ आडवी, काही तिरपी, काही लोंबती, आणि निलगिरीसारख्या झाडाची तर बहुतेक खाली लोंबणारी. गच्चीवर एक चादर जमिनीशी समांतर ताणून बांधली आहे आणि दुसरी दोरीवर वाळत घातली आहे, असे समजा. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना पहिलीची सावली चादरीएवढी पडते, दुसरीची एक बारीक रेघ. सूर्य उतरला की दोरीवरच्या चादरीची सावली लांबत जाते आणि संध्याकाळी ती शेजारच्या गच्चीवर पोचते. आडव्या चादरीची सावली मात्र जागा बदलते, क्षेत्रफळ बदलत नाही. याचा अर्थ असा, की फटींचे एकच प्रमाण पाहून पाने किती, हे सांगता येत नाही, जोवर ती कोणत्या कलाने टांगलेली आहेत हे कळत नाही. झाडावर चढून शेकडो पानांचे कल मोजत बसणे हे पाने तोडण्यापेक्षा फारसे सोपे काम नव्हे.

यातून निघालेली वाट मला या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. डोक्यावरच्या सूर्याला उभ्या चादरीची सावली आडवीपेक्षा कमी, आणि मावळत्या सूर्याला जास्त. तेव्हा मध्ये कुठेतरी दोन्ही सावल्या सारख्या होण्याची वेळ आलीच पाहिजे. उभ्या चादरी सगळ्या दिशांना तोंडे करून टांगल्या आहेत असे धरून सरासरी काढली, तर ही वेळ तेव्हा येते, जेव्हा एक मीटर काठीची सावली १ मीटर ५७ सेंटीमीटर पडते. हा १.५७ म्हणजे पाय (π) या संख्येचा निम्मा, आणि त्या वेळी सूर्य खमध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, सुमारे ५७.५ अंश कललेला असतो. त्या क्षणी चौरस मीटरभर पान आडवे असो वा उभे, जमिनीवर सरासरीने चौरस मीटरभरच सावली टाकते. मधल्या कलांची पाने थोडी कमी टाकतात, पण ही तूट वाईटात वाईट १७ टक्क्यांच्या आसपास असते. झाडावर सगळ्या कलांची पाने मिसळलेली असल्याने व्यवहारात सात टक्क्यांची दुरुस्ती पुरते. सारांश असा, की ५७.५ अंशांच्या तिरप्या दिशेने फटींचे प्रमाण पाहिले, लॉग काढला आणि १.०७ ने गुणले, की पानांचे कल न मोजताही उत्तर बऱ्यापैकी मिळते.

हे कोणालाही करून पाहता येईल. विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे २१ मार्चच्या आगेमागे, सोलापुरात ही वेळ दुपारी सव्वाचारच्या सुमारास येते. सप्टेंबरमध्ये चारच्या जरा नंतर. घड्याळावर भरवसा ठेवण्यापेक्षा मीटरभर काठी सपाट जागी उभी करून तिची सावली टेपने मोजलेली चांगली. कडुनिंब-करंजाच्या एखाद्या दाट लागवडीत, कडेपासून बऱ्याच आत, जमिनीवर वीस मीटरची टेप अंथरायची आणि दर दहा सेंटीमीटरवर ऊन आहे की सावली, ते वहीत टिपत जायचे. दोनशे ठिकाणांपैकी चाळीस ठिकाणी ऊन निघाले, तर फटींचे प्रमाण ०.२०. त्याचा लॉग १.६१, गुणिले १.०७, म्हणजे निर्देशांक सुमारे १.७. सूर्य सरकत असतो, म्हणून हे काम पाव तासात आटोपावे लागते. एक माणूस वाकून सांगणार आणि दुसरा लिहिणार, अशी जोडी असेल तर ते सहज आटोपते. एकट्याने केल्यास कंबर बोलू लागते, हे अनुभवाने सांगतो.

टिपताना एक अडचण लगेच जाणवते. पुष्कळ ठिकाणी ना धड ऊन असते, ना धड सावली. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाहून किंचित मोठी चकती आहे. त्यामुळे दहा मीटर उंचीवरच्या बारीकशा फटीतून आलेला कवडसा जमिनीवर नऊ सेंटीमीटर रुंद आणि कडेला पुसट होतो. फट चौकोनी असो की वेडीवाकडी, कवडसा गोल पडतो तो यामुळेच, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण चालू असताना ज्यांनी झाडाखाली पाहिले असेल, त्यांना चंद्रकोरीच्या आकाराचे शेकडो कवडसे आठवत असतील. मोजणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की उंच झाडांतल्या अगदी लहान फटी कवडसा म्हणून ओळखू येत नाहीत, त्या नुसत्या धूसर उजेडात मिसळून जातात. पुसट ठिकाण अर्धे धरावे, ही आमची सोय आहे. शास्त्रीय उपकरणे अशा ठिकाणी प्रकाशाची तीव्रताच मोजतात.

सूर्य एका वेळी एकाच दिशेला असतो, आकाश मात्र सगळीकडे असते. म्हणून पुढची पायरी म्हणजे उन्हाऐवजी आकाशाचा विखुरलेला प्रकाश वापरणे आणि एकदम अनेक कोनांतून वर पाहणे. ऑस्ट्रेलियात जे. बी. मिलर यांनी १९६७ साली असे सूत्र दिले, की सगळ्या कोनांवरचे फटींचे प्रमाण माहीत असेल, तर पानांचा कल माहीत असण्याची गरजच उरत नाही. या सूत्रावर चालणारे आणि जगभर सर्वाधिक वापरलेले उपकरण मुठीत मावणाऱ्या दांड्यासारखे आहे. त्याच्या टोकाला मत्स्यनेत्री (फिशआय) भिंग असते आणि आत पाच वर्तुळाकार पट्टे. पहिला पट्टा खमध्याजवळचे आकाश पाहतो आणि पाचवा ६८ अंशांभोवतालचे. आधी मोकळ्यावर एक वाचन, मग झाडांखाली काही वाचने, आणि प्रत्येक पट्ट्यासाठी दोन्हींचे गुणोत्तर हेच फटींचे प्रमाण. उपकरण फक्त निळा प्रकाश घेते, ४९० नॅनोमीटरच्या आतला. पान निळा प्रकाश जवळपास सगळा गिळते, म्हणून निळ्यात पान काळे दिसते आणि आकाश उजळ. अवरक्त प्रकाशात हेच केले असते तर फसगत झाली असती, कारण त्या पट्ट्यात पान मोठा हिस्सा परत फेकते किंवा आरपार जाऊ देते, आणि फट नसतानाही फट आहे असे वाटते.

हे उपकरण महाग असते. कॅमेरा बहुतेकांपाशी असतो आणि झाडाखालून आकाशाचे छायाचित्र घेण्याची पद्धत त्याहूनही जुनी आहे. संपूर्ण आकाश एका चित्रात घेणारे भिंग रॉबिन हिल यांनी १९२४ मध्ये तयार केले, तेही ढगांच्या अभ्यासासाठी. हेच हिल पुढे प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध झाले, पण आपले भिंग पानांच्या कामी येईल हे त्यांच्या ध्यानीमनी असेल असे वाटत नाही. १९५९ मध्ये इव्हान्स आणि कूंब यांनी ते जंगलात नेले. आज फिशआय भिंग लावलेला साधा डिजिटल कॅमेरा, पाणसळ आणि तिपाई एवढ्यावर काम भागते. कॅमेरा बरोबर आकाशाकडे रोखायचा, चित्र घ्यायचे, निळा रंग तेवढा वेगळा काढायचा, आणि प्रत्येक ठिपक्याला आकाश किंवा पान यांपैकी एक शिक्का मारायचा.

शिक्का मारण्यापूर्वी चित्र चांगले हवे आणि खरी गोम इथेच आहे. माझी पहिली चित्रे एप्रिलमधल्या लख्ख सकाळी दहा वाजता, कॅमेऱ्याचे सगळे काम कॅमेऱ्यावरच सोपवून घेतलेली होती. झाडाखाली अंधार म्हणून कॅमेऱ्याने आपणहून प्रकाश वाढवून घेतला. परिणामी आकाश इतके पांढरेफटक झाले, की फटींच्या कडेची बारीक पाने त्यात विरघळून गेली. एका बाजूला ऊन पडलेली पाने आकाशाइतकीच चमकत होती आणि संगणकाने त्यांना निमूटपणे आकाश ठरवले. डोळ्यांना दाट दिसणाऱ्या कडुनिंबाचा निर्देशांक एकच्या खाली आला, तेव्हा कुठे मी चित्रे मोठी करून पाहिली. उपाय दोन आहेत आणि दोन्ही जुने आहेत. चित्रे सूर्य वर नसताना घ्यायची, म्हणजे पहाटे उजाडल्यावर, संध्याकाळी मावळल्यावर किंवा आभाळ एकसारखे भरलेले असताना. आणि प्रकाश ठरवायचा तो झाडाखाली नव्हे, मोकळ्या आकाशाकडे कॅमेरा रोखून. तिथे कॅमेरा आकाशाला मध्यम करडे करू पाहतो, त्यावर दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश, वाढवले की आकाश पांढरे होते आणि पाने काळी राहतात. तो आकडा हाताने कायम करून मगच झाडाखाली जायचे. पहाटे उजेड मिनिटामिनिटाला वाढतो, म्हणून दर थोड्या वेळाने मोकळ्यावर परत यावे लागते.

दाट झाडीत ही काळजी जास्त का लागते, ते लॉगच्या स्वभावातून कळते. विरळ झाडीत फटी ५१ टक्के ऐवजी ५० धरल्या, तर निर्देशांक ०.७२ चा ०.७४ होतो, म्हणजे काहीच बिघडत नाही. दाट झाडीत दोन टक्क्यांच्या ऐवजी एक टक्का धरला, तर तो ४.२ वरून ४.९ वर उडी घेतो. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात काम करणाऱ्यांची अडचण ही आहे. सोलापूरच्या माळरानावर काम करणाऱ्यांची अडचण अगदी उलट्या टोकाची आहे.

ती अशी. आतापर्यंतचा सगळा हिशेब पाने ‘डोळे मिटून उधळलेली’ आहेत, या समजुतीवर उभा होता. प्रत्यक्षात पाने फांदीला गुच्छाने लागतात, फांद्या झाडात एकवटतात आणि झाडे माळावर अंतर राखून उभी असतात. पुन्हा कापड घ्या. तेवढेच धागे, तेवढीच रुंदी, पण धागे एकेक सरळ न मांडता जुड्या करून मांडले, तर मध्ये बोटभर मोकळ्या वाटा राहतील आणि उजेडाकडे धरल्यावर कापडात सूत कमी आहे असे वाटेल. सूत तितकेच आहे, ते एकामागे एक लपले आहे. झाडांमध्येही नेमके हेच होते आणि प्रकाशाने काढलेला निर्देशांक खऱ्यापेक्षा कमी येतो. वीसएक टक्के सुटतात असे नाही, तर निम्मी पानेसुद्धा सुटू शकतात.

आकड्यांत पाहू. माळावर निम्म्या जागेवर बाभळींची छाया आहे आणि निम्मी जागा उघडी. छायेत फटींचे प्रमाण दहा टक्के, उघड्यावर शंभर. सगळे एकत्र केले तर सरासरी फटी ५५ टक्के आणि निर्देशांक ०.६४. आता आधी सरासरी न काढता दोन्ही भागांचा निर्देशांक वेगवेगळा काढा. छायेत २.४६, उघड्यावर शून्य, दोघांची सरासरी १.२३. माळ तोच, पाने तीच, आणि उत्तर जवळपास दुप्पट. आधी सरासरी आणि मग लॉग, की आधी लॉग आणि मग सरासरी, या नुसत्या क्रमाने एवढा फरक पडतो. लँग आणि शियांग यांनी १९८६ मध्ये दुसरा क्रम सुचवला. मोजणीची रेघ लहान तुकड्यांत पाडायची, प्रत्येक तुकड्याचा लॉग काढायचा आणि मग सरासरी घ्यायची. तुकडा किती लांब असावा, यावर मात्र वाद संपत नाही. फार मोठा घेतला तर पुंजके त्यात लपून जातात. फार लहान घेतला तर एखाद्या तुकड्यात एकही फट नसते, शून्याचा लॉग निघत नाही आणि कॅल्क्युलेटर हात टेकतो. पानाच्या रुंदीच्या दहापट लांबी हा सर्वसाधारण सल्ला आहे. बाभळीच्या पर्णिकेला तो कसा लावायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. मी पर्णिका सोडून अख्खी फांदी हाच एकक मानतो.

कॅनडात चेन आणि सिहलर यांनी १९९५ च्या सुमारास याहून वेगळी युक्ती केली. कवडसे किती आहेत एवढेच न पाहता ते किती लांब आहेत, हे त्यांनी पाहिले. प्रकाशमापक हातात धरून रेघेवरून एकसारख्या गतीने चालत जायचे आणि प्रत्येक कवडशाची लांबी नोंदवायची. पाने खरोखर विखुरलेली असती तर एवढे मोठे कवडसे पडलेच नसते, असे जे कवडसे सापडतील, ते पुंजक्यांमधल्या मोकळ्या वाटांचे धरून बाजूला काढायचे. उरलेल्यांवरून पानांचा हिशेब आणि बाजूला काढलेल्यांवरून पुंजकेपणाचा.

एक उणीव मात्र कोणत्याही प्रकाशीय पद्धतीला चुकत नाही. प्रकाशाला पान आणि लाकूड यांतला फरक कळत नाही. बुंधे, फांद्या, वाळक्या शेंगा, सगळे प्रकाश अडवतात आणि सगळ्यांची गणना पान म्हणून होते. म्हणून काटेकोर लिहिणारे अशा मोजणीला पर्णक्षेत्र न म्हणता वनस्पतीक्षेत्र म्हणतात. पानगळीनंतर पुन्हा मोजून तो आकडा वजा करावा, असा सल्ला पुस्तकांत असतो, पण तोही थोडा जपून घ्यावा लागतो, कारण पाने असताना पुष्कळशा फांद्या पानांआड लपलेल्या असतात आणि त्या दोनदा वजा होतात. पळसाच्या बाबतीत तर निष्पर्ण काळातच झाड केशरी फुलांनी लगडते, आणि फुलेही प्रकाश अडवतात. पाने नसलेल्या पळसाचा निर्देशांक चांगला भरघोस येतो तो त्यामुळे.

लेझरवर चालणारी उपकरणे या तंट्यातून काही अंशी सुटली आहेत. ती आकाशाच्या उजेडावर अवलंबून नसतात. स्वतःचा किरण सोडतात आणि तो कोणत्या अंतरावरून परत आला हे पाहतात, त्यामुळे खालची फांदी आणि वरचे पान वेगळे ओळखता येते. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेले ‘जेडी’ हे उपकरण याच तत्त्वावर सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यांतून जंगलाची उंची आणि दाटी मोजते. पण साऱ्या पृथ्वीचा पर्णक्षेत्र निर्देशांक दर आठ दिवसांनी मिळतो तो ‘टेरा’ आणि ‘अ‍ॅक्वा’ उपग्रहांवरच्या ‘मोडिस’ या उपकरणाकडून, आणि ते पानांवरून परतलेला सूर्यप्रकाश पाहते. त्याचा एक चौकोन ५०० मीटर बाजूचा, म्हणजे २५ हेक्टरांचा, आपल्या भाषेत ६२ एकरांचा असतो. जिल्ह्यात कुठेही असा चौकोन टाकला, तर त्यात थोडा ऊस, थोडे डाळिंब, बांधावरच्या बाभळी, एखादी वस्ती आणि उरलेला माळ सापडेल. या सगळ्यांचा मिळून एक आकडा येतो. तो बरोबर आहे की नाही, हे पाहायला कोणीतरी जमिनीवर जाऊनच मोजावे लागते, आणि माणूस त्या चौकोनात ऊस लागलेल्या कोपऱ्यात उभा राहिला की बाभळीच्या, यावर पडताळणीचे यश अवलंबून असते.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यातले गवत मोजायचे ठरवले, तर वरची बहुतेक हत्यारे निरुपयोगी ठरतात. गवत गुडघ्याच्याही खाली, आणि कॅमेरा तिपाईसकट त्याच्याहून उंच. भिंग जमिनीला टेकवले तरी जवळची दोन पाती अर्धे आकाश झाकून टाकतात, आणि एक पाते बोटभर सरकले की उत्तर बदलते. तिथे अर्ध्या मीटरची चौकट टाकून, परवानगी असेल तेवढेच गवत कात्रीने कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावे लागते, कारण वाळले की पाती गुंडाळतात आणि क्षेत्रफळ कमी भरते. मग कार्यालयातल्या साध्या स्कॅनरच्या काचेवर ती पाती एकमेकांवर न चढवता पसरायची, वर पांढरा कागद ठेवायचा आणि झाकण लावायचे. एका चौकटीला सकाळ जाते.